माडीवरचे सर

2025 च्या उन्हाळ्यात आमच्या माडीवर दोन महिने एक गणितज्ञ राहून गेले. तशी आमची माडी मोकळी कधीच नसते. मंगळवार पेठेत जन्मलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल. तालमीत मेहनत करायला बाहेरगावाहून आलेले पैलवान, बदली होऊन आलेले बँकवाले, औषध कंपन्यांचे एमआर, एकदा तर एक बासरीवाले. गणितज्ञ मात्र पहिलाच. त्यामुळे आईने आधी फोनवर मला विचारून घेतलं, "आरं, ही माणसं रात्री-अपरात्री काय आवाज-बिवाज करत न्हाईत न्हवं?"

मी तेव्हा पुण्यातलं खोलीचं भाडं वाचवायला कोल्हापुरातून काम करत होतो. महिन्यातून चार दिवस हिंजवडी, बाकी आमच्या घरातली मागची खोली, वायफाय आणि आईचा चहा. म्हणजे सर वरच्या मजल्यावर काम करायचे आणि मी खालच्या. मी कामाचं टाईमशीट भरतो. दिवसाचे आठ तास, प्रत्येक तासाला टास्क कोड. मीटिंगचा कोड वेगळा, बग फिक्सिंगचा वेगळा. सवय इतकी घट्ट झालीय की पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात सरांचं पण टाईमशीट भरून टाकलं. ते साधारण असं होतं.

पहाटे साडेपाचला उठून चालत रंकाळ्यावर. सातला परत, चहा. आठ ते बारा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघणं. बाराला जेवण. मग झोप. हो, चक्क झोप, तीन वाजेपर्यंत. चारला मिरजकर तिकटीपर्यंत चालत जाऊन तिथून शिवाजी विद्यापीठ, तिथल्या खर्डेकर लायब्ररीत दोन-अडीच तास. बुधवारी लायब्ररीऐवजी एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी. आठला आमच्यात जेवण. नऊनंतर गच्चीवर फेऱ्या, अंधारात, हात मागे बांधून.

आता सांगा, यात काम कुठल्या रकान्यात लिहायचं?

आईला पण हाच प्रश्न पडला होता, फक्त तिने तो जास्त सरळ विचारला. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "सरांस्नी पगार मिळतोय न्हवं?"

पगार मिळत होता. सर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजला शिकवतात. वय एक्केचाळीस. आठवड्याला सोळा तास शिकवणं हा कागदावरचा नियम, त्यावर परीक्षा, पेपर तपासणी, कमिट्यांच्या फायली, अधूनमधून इलेक्शन ड्युटी. घरी बायको नोकरी करणारी आणि दोन पोरं. उन्हाळ्याची सुट्टी आणि साठवलेली रजा जोडून त्यांनी हे दोन महिने मिळवले होते. कोल्हापूर का, तर त्यांच्या विषयातलं ज्यांच्याशी बोलता येईल असे ते निवृत्त प्राध्यापक इथे राहतात. फक्त त्यासाठी! आठवड्यातून एकदा दोन तास बोलायला मिळावं म्हणून माणूस साडेतीनशे किलोमीटर लांब येऊन राहतो, हे मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं.

"बायकोकडून उसने आणलेत हे दोन महिने," ते एकदा म्हणाले. "आता परत असं कधी जमायचं नाही. पोरगी दहावीला जायली पुढच्या वर्षी."

बाकी कोल्हापूर त्यांना मानवलं. पहिल्या रविवारी मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस आल्या तेव्हा वेटरला हाक मारणार होते, मी थांबवलं. तांबड्या रश्श्याचं त्यांना काही वाटलं नाही, मराठवाड्याचा माणूस तिखटाला घाबरत नाही. पांढऱ्यावर मात्र ते थांबले. वाटीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "हे तिखट नाही असं कसं काय दिसतंय, आणि आहे कसं काय?" गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून दिलेलं दूध पिऊन आले त्या दिवशी दुपारी तीनऐवजी साडेचारला उठले. आईने ते माझ्या आधी टिपलं.

ते काय करतात हे मला कळायला एक महिना लागला. आणि ते कळलं गच्चीवरच्या फरशीमुळे.

एका रात्री लाईट गेले होते. मी वारा खायला वर गेलो, तर सर मोबाईलच्या उजेडात खडूने फरशीवर चौकट आखत बसलेले. चार आडव्या, चार उभ्या, सोळा घरं. मला म्हणाले, बुद्धिबळातला हत्ती माहीत आहे ना, तो आडवा-उभा कितीही जातो. आता या सोळांपैकी कुठल्याही घरातून हत्ती किती घरांवर जाऊ शकतो? मोजलं. तीन आडवी, तीन उभी, सहा. बरोबर. आता कुठलीही दोन घरं घे. दोन्हीकडून एका उडीत पोचता येईल अशी घरं किती? मी एक जोडी घेतली, दोन. दुसरी घेतली, लांबची, तिरकी. तरी दोन. कुठलीही घ्या, शेजारची किंवा तिरकी, उत्तर दोनच.

"आता उलटा प्रश्न," सर म्हणाले. "मी तुला फरशी दाखवतच नाही. फक्त आकडे सांगतो. सोळा ठिपके, प्रत्येकाला सहा शेजारी, कुठल्याही दोघांचे सामाईक शेजारी दोन. तर ती हीच फरशी असेल का?"

मी म्हटलं, असणारच. दुसरं काय असेल?

"पाच बाय पाचला असते. सहा बाय सहाला असते. पुढे सगळ्यांना असते. फक्त चार बाय चारला एक दुसरीच आकृती निघते. आकडे सगळे तेच, पण फरशी नाही. ती श्रीखंडे सरांनी 1959 मध्ये दाखवली."

शरदचंद्र शंकर श्रीखंडे. मी इंजिनिअरिंगला चार वर्षं गणिताचे पेपर दिले, डिस्क्रीट मॅथ्सचा एक अख्खा विषय होता, ग्राफ थिअरी होती, आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो, आमच्याच गच्चीवर. जगभर त्या आकृतीला श्रीखंडे ग्राफ म्हणतात. सागरला जन्म 1917 चा, शिक्षण नागपुरात, अमेरिकेतल्या चॅपेल हिलला राजचंद्र बोस यांच्या हाताखाली पीएच.डी. 1950 ची. मग परत येऊन नागपूरला शिकवणं, आणि 1958 च्या सुमारास पुन्हा काही काळापुरतं चॅपेल हिल. आमच्या भाषेत ऑनसाइट. 1963 पासून मुंबई विद्यापीठात गणिताचा विभाग उभा केला आणि 2020 मध्ये गेले, वयाच्या 102 व्या वर्षी.

सरांचं काम याच घराण्यातलं. फरशीपेक्षा बऱ्याच गुंतागुंतीच्या आकृत्यांचं एक कुटुंब आहे, आणि सरांचं चार वर्षांपासूनचं म्हणणं होतं की तिथे आकड्यांवरून आकृती पक्की ठरते, अपवाद एकही नाही. बरंचसं सिद्ध करून झालं होतं. तीस पानांचा मसुदा तयार होता. मधली एक पायरी राहिली होती, आणि सकाळी आठ ते बारा ते जी भिंत बघत बसायचे ती या पायरीची होती.

आता हे ऐकल्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याचं डोकं जिथे जाईल तिथेच माझं गेलं. म्हटलं, सर, भिंत कशाला बघताय, प्रोग्रॅम लिहू. शनिवार-रविवार बसलो, पायथनमध्ये शोध लिहिला, छाटणी-बिटणी नीट करून. छोट्या मापांना लॅपटॉपने काही मिनिटांत सांगितलं, अपवाद नाही. सर खूष, मी त्याहून खूष. पुढच्या मापाला शुक्रवारी रात्री लावून ठेवला. सोमवारी सकाळी किती झालं ते बघून हिशोब केला, तर याच वेगाने पूर्ण व्हायला साधारण तीनशे वर्षं!

सर पोट धरून हसले. मग ऑयलरची गोष्ट सांगितली, ती मात्र थोडक्यात का होईना इथे सांगायलाच पाहिजे.

सहा पलटणी, प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असं उभं करायचं की प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक ओळीत सगळ्या पलटणी एकेकदा आणि सगळे हुद्दे एकेकदा आले पाहिजेत. ऑयलरला जमलं नाही. 1782 मध्ये त्याने लिहून टाकलं की सहाला हे होत नसावं, आणि दहा, चौदा, अठरा असं पुढे कशालाच होत नसावं. सहाचं 1900 च्या सुमारास गॅस्टन टॅरी नावाच्या फ्रेंच माणसाने हाताने सगळे प्रकार तपासून खरं ठरवलं. दहाला कोण हात घालणार? 1950 च्या दशकात तेव्हाचे कम्प्युटर लावून पाहिले, शोध इतका अवाढव्य की अर्धवट सोडावा लागला. म्हणजे माझ्या लॅपटॉपची परंपरा जुनी आहे.

आणि मग 1959 मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसचा चौकोन बांधून दाखवला. त्यांच्या पद्धतीवरून अर्नेस्ट पार्कर याने दहाचा बांधला. हा पार्कर युनिव्हॅक कम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत काम करत होता, पण दहाचा चौकोन सापडला तो डोकं चालवून. मग तिघांनी मिळून दाखवलं की दोन आणि सहा सोडून सगळ्यांना जमतं. ऑयलर 177 वर्षांनी चुकीचा ठरला. 26 एप्रिल 1959 च्या न्यूयॉर्क टाईम्सच्या पहिल्या पानावर बातमी. तिघांना नाव पडलं 'ऑयलरचे स्पॉयलर'.

आईला या सगळ्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. "तिकडं जाऊन जेवायची काय वो ही माणसं?"

सरांनी मग तिला रामानुजनचं सांगितलं. 1914 मध्ये केंब्रिजला गेला, कट्टर शाकाहारी, कॉलेजची खानावळ चालायची नाही म्हणून खोलीत स्वतः रांधायचा. थंडीत ओव्हरकोट घालून, शाल गुंडाळून झोपायचा. प्रशांतचंद्र महालनोबिस तिथे शिकत होते, ते भेटायला गेले तेव्हा उलगडा झाला: ब्लँकेटं पलंगावरच होती, चादरीखाली नीट खोचलेली. त्यात शिरून झोपायचं असतं हे बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. (याच महालनोबिसांनी पुढे कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली, आणि श्रीखंड्यांचे गुरू बोस तिथलेच.) आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत जास्तीची वाकळ गेली. मे महिन्यात.

20 मेला सकाळी जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. मी स्टँडअप कॉलवर होतो. कॉल संपवून बाहेर आलो, तर सर जिन्यात बसलेले. आठ ते बाराच्या मध्ये ते पहिल्यांदा खोलीबाहेर दिसले.

नारळीकर कोल्हापुरात जन्मले, 19 जुलै 1938 ला, हे आम्हा कोल्हापूरकरांना तोंडपाठ असतं. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर, ते पण कोल्हापूरचेच, 1908 चे. 1928 मध्ये केंब्रिजला गेले आणि 1932 मध्ये परत येऊन थेट बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रोफेसर. मुलगा तिथेच वाढला. आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. त्या चारांत कोल्हापूर नाही, ही खंत मी इथे नोंदवून ठेवतो आणि पुढे जातो.

सरांना त्या पुस्तकातलं सगळ्यात जास्त आवडलेलं पात्र म्हणजे मोरूमामा. मोरेश्वर हुजूरबाजार, आईचे भाऊ, एम.एस्सी. करायला बनारसला बहिणीच्या घरी येऊन राहिलेले. वडिलांनी मुलांसाठी घरात भिंतीवर फळे बसवले होते. मोरूमामा त्यातल्या एका फळ्यावर भाच्यासाठी एक गणित लिहून ठेवायचे, वर शीर्षक 'जे.व्ही.एन. साठी चॅलेंज प्रॉब्लेम'. गणित सुटेपर्यंत किंवा पोरगं हात टेकेपर्यंत ते पुसायचं नाही.

"विचार कर," सर म्हणाले, "स्वतः शिकायला आलेला पोरगा. परक्या गावी. त्याला स्वतःचा अभ्यास नव्हता का? तरी फळ्यावर रोज काहीतरी लिहीतच होता की." मग थोड्या वेळाने, "बोलायला कोणीतरी लागतंच बघ."

त्या दिवशी दुपारी सर झोपले नाहीत. आमच्याकडे एक जुनं प्लायवूड होतं, ते त्यांनी काळं रंगवलं आणि जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलं. गल्लीतल्या पोरांची सुट्टीतली फुटबॉल स्पर्धा जवळ आली होती. पेठेत हे असतंच. मोठे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि इतर तालमींच्या मॅचवरून भांडतात, आणि लहान गल्लीत. आठ टीम होत्या, आणि कोणाची मॅच कधी यावरून रोज मारामारी. सरांनी फळ्यावर लिहिलं: आठ टीम. सात दिवस. रोज प्रत्येकाची एकच मॅच. सात दिवसांत प्रत्येक टीम प्रत्येकाशी एकदा. वेळापत्रक करा.

तीन दिवस फळा तसाच. पोरं येऊन खोडतोड करून जायची. पाचव्या दिवसापर्यंत जमायचं, सहाव्याला कोणीतरी दोनदा भिडायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतली एक आठवीतली मुलगी आमच्या स्वयंपाकघरात आली, आईकडून आठ वाट्या मागून घेतल्या आणि समोरासमोर चार-चार मांडल्या. समोरासमोरच्या वाट्यांची मॅच. मग एक वाटी जागेवर ठेवून बाकीच्या सात तिने घड्याळासारख्या एकेक घर सरकवल्या. दुसरा दिवस. पुन्हा एक घर. तिसरा दिवस. सातव्या सरकवण्याला पुन्हा पहिली मांडणी आली आणि अठ्ठावीस मॅचेस एकदा एकदा लागून गेल्या. सर दारात उभे राहून बघत होते, मधे एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा चेहरा मी दोन महिन्यांत त्या दिवशी सगळ्यात जास्त खुललेला पाहिला.

स्पर्धेचे चार दिवस झाले आणि पाऊस आला. 2025 चा पाऊस आठवतच असेल, मे संपायच्या आतच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांच्या जेवणाच्या वेळा चुकायला लागल्या. दोन रात्री जेवलेच नाहीत. आईने ताट वर नेऊन ठेवलं, सकाळी तसंच. गच्चीवर पाऊस म्हणून फेऱ्या खोलीतच, आणि आमच्या खोलीच्या वर रात्रभर पावलं. मला माझ्या डेडलाईनच्या रात्री आठवल्या, फक्त माझी डेडलाईन चुकली तर क्लायंटला एक ईमेल जाते.

8 जूनला, रविवारी, सकाळी ते खाली आले. दाढी वाढलेली. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काकू, चहा टाका. माझं चार वर्षांचं म्हणणं खोटं निघालं."

अपवाद सापडला होता. तीनशे वर्षं लागणार होती त्या मापातच. मधली पायरी सिद्ध होईना, तेव्हा त्यांनी ती का होईना हे शोधायला सुरुवात केली, आणि जिथे अडत होतं नेमकं तिथेच एक वेगळी आकृती बसत होती. एका पानावर पेन्सिलीने काढलेली. मी ते पान घेऊन लॅपटॉपमध्ये टाकलं. शोधायला तीनशे वर्षं, पण समोर ठेवलेली तपासायला? अर्धा सेकंद. सगळे आकडे जुळत होते. मी पुन्हा तपासलं, कारण मला ते जुळू नयेत असं वाटत होतं.

तीस पानांचा मसुदा गेला. प्रमोशनच्या अर्जात तो पेपर यायचा होता, तेही गेलं. मी काहीतरी उत्साहाचं बोलायला गेलो, ऑयलर वगैरे, तर त्यांनी हात वर केला.

"आनंद झाला असं म्हणू नको. झालेला नाही. पण हलकं वाटायलंय."

आई इतका वेळ गॅसपाशी उभी होती. म्हणाली, "म्हंजी ती चूक गावली कुणाला? तुमास्नीच न्हवं? मग झालं की." आणि ताटात पोहे वाढले. सरांनी दोनदा घेतले.

बुधवारी ते प्राध्यापकांकडे गेले ते दुपारी जाऊन रात्री दहाला आले. दोघांनी मिळून ठरवलं की राहिलेल्या मापांना म्हणणं अजून खरं असू शकतं, आणि हा अपवाद वेगळा, चार-पाच पानांचा लिहून पाठवायचा. शनिवारी, 14 जूनला, मी त्यांना बाईकवरून स्टँडवर सोडलं. बॅगेत आईने कांदा-लसूण मसाला घातला होता, दोन किलो. काळं प्लायवूड त्यांनी न्यायला सांगितलं नाही आणि आम्ही पण काढलं नाही.

माडीवर आता एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह राहतो. सकाळी नऊला टाय लावून बाहेर पडतो, रात्री आठला येतो. आईला तो समजतो.

जुलैमध्ये सरांचा फोन आला. मला वाटलं पेपरचं काहीतरी. पेपर पाठवला होता, उत्तर यायला वर्ष लागू शकतं म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. त्यांना विचारायचं होतं की पोरांच्या राहिलेल्या तीन दिवसांच्या मॅचेस झाल्या का. मी सांगितलं, दोन टीम फुटल्या, एकीतली पोरं शाळा सुरू झाल्यावर गावाला गेली, दुसरीतली भांडून गेली. सहाच टीम उरल्यात, आणि कोण कोणाशी खेळलंय याचा कागद भिजला.

"किती मॅचेस आठवतायत पोरांना?" सर म्हणाले. "जरा त्या वाट्यावाल्या मुलीला फोन दे."